डक्ट नको म्हणून घेतलेला एसी डक्टमध्येच लावू नये : ऐरोलीतल्या एका घराचं प्रकरण

घर ऐरोलीतलं. बारा मजल्यांच्या इमारतीत सातवा मजला, दोन बेडरूम, हॉलची मोठी खिडकी पश्चिमेला, म्हणजे खाडीकडे. माणसं चार : नवरा-बायको, आठवीतली मुलगी आणि आजी. घराचं काम काढलेलं होतं, फरश्या निघालेल्या, पीओपी व्हायचा होता. एसीचा विचार करायची खरी वेळ हीच. रंग झाल्यावर मेकॅनिकला बोलावलं की तो जिथे भिंत मोकळी दिसेल तिथून पाइप नेतो आणि मग दहा वर्षं तो पांढरा पट्टा बघत बसावं लागतं.

इंटिरियरवाल्याच्या पहिल्या नकाशात डक्टचा एसी होता. बाथरूमच्या छतावर एकच मोठं यंत्र, तिथून गार हवा नेणारे पत्र्याचे चौकोनी बोगदे, म्हणजे डक्ट, हॉलमध्ये आणि दोन्ही बेडरूममध्ये, भिंतीवर काही दिसणार नाही. कागदावर देखणं. पण या घरात फरशीपासून स्लॅबपर्यंत उंची ९ फूट ३ इंच आणि पॅसेजमधला बीम स्लॅबखाली सव्वा फूट उतरलेला, म्हणजे बीमखाली उरतात ८ फूट. साडेतीन टनांच्या यंत्राला मिनिटाला सुमारे १४०० घनफूट हवा फिरवावी लागते. तेवढ्या हवेचा मुख्य डक्ट आवाज न करता चालायचा तर साधारण २२ बाय १० इंचांचा लागतो. वरखाली एकेक इंच इन्सुलेशन आणि खाली पीओपीची चौकट धरली की १४ इंच गेले. पॅसेजमध्ये उरली ६ फूट १० इंच. दाराची चौकटच ७ फुटांची. डक्टसाठी बीमला भोक पाडायला सोसायटीचा इंजिनियर परवानगी देणार नाही, देऊही नये.

उंचीचा प्रश्न नसता तरी या घराला तो एसी मानवला नसता. आजी दुपारी दोन ते पाच आपल्या खोलीत झोपतात, बाकी घर रिकामं. साध्या डक्टच्या एसीत थर्मोस्टॅट एकच, त्यामुळे एका माणसाच्या झोपेसाठी अख्खं घर गार करायचं. खोलीगणिक झडपा लावून ते टाळता येतं, पण मग किंमत आणि बिघाडाच्या जागा दोन्ही वाढतात. शिवाय गार हवा डक्टमधून जाताना जोडांमधून गळते, छताच्या उष्णतेने तापते. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाचा अंदाज असा की डक्ट पोटमाळ्यासारख्या गार न केलेल्या जागेतून गेले, तर गारव्यासाठी लागणाऱ्या ऊर्जेच्या ३० टक्क्यांहून अधिक तोटा तिथेच होऊ शकतो. आपल्याकडे पोटमाळे नाहीत, डक्ट घरातच असतात, म्हणून तोटा एवढा होणार नाही. पण पीओपीच्या वर साठणारी उष्ण हवा फुकट गार होत राहते, हे खरंच. स्प्लिटमध्ये, म्हणजे खोलीत एक पेटी (इनडोअर) आणि बाहेर एक (आउटडोअर) असलेल्या एसीत, गार हवा जिथे तयार होते तिथेच वापरली जाते. मधल्या प्रवासात फक्त दोन तांब्याच्या नळ्या.

म्हणून तीन स्वतंत्र स्प्लिट ठरले. एका आउटडोअरवर तीन इनडोअर चालवणारा मल्टी-स्प्लिटही विचारात होता. बाहेर एकच पेटी ठेवायला जागा असेल तर तो चांगला. पण आउटडोअरचा बोर्ड गेला की तिन्ही खोल्या एकदम बंद, तेही मेमध्ये. इथे बाहेर जागा होती, त्यामुळे तो बाजूला पडला.

टनांचा हिशोब. ‘शंभर चौरस फुटांना एक टन’ हा दुकानातला ठोकताळा डोक्यातून काढावा. एक टन म्हणजे साधारण ३.५ किलोवॉट उष्णता बाहेर फेकण्याची ताकद. हॉल १७ बाय ११ फूट, पश्चिमेची काच ३० चौरस फूट. मेमधली दुपारी चारची वेळ धरली, तर पडदा ओढलेला असतानाही काचेतून येणारं ऊन ८०० वॉट, काच तापल्याने १५०, पश्चिमेची सिपोरेक्सची (हलक्या, सच्छिद्र ब्लॉकची) भिंत १२०, बाकीच्या भिंती आणि छत २००, चार माणसं ४८०, टीव्ही-दिवे-पंखा २५०, फटींतून शिरणारी दमट हवा ३५०. एकूण २३५० वॉट. या हॉलला लागून पॅसेज उघडा आहे आणि त्याच्या टोकाला स्वयंपाकघर. त्याचे ७०० वॉट धरले की ३०५०. तापलेली खोली लवकर खाली आणायला वर पाव भाग, म्हणजे सुमारे ३८००. एक टन अपुरा, दीड टन बरोबर. पॅसेजला सरकता दरवाजा लावला असता तर एका टनातही भागलं असतं.

बेडरूम १२ बाय १० फूट. तिथे दीड टन घ्यायचा मोह सगळ्यांनाच होतो, ‘पटकन गार होईल’ म्हणून. रात्री ऊन नाही, माणसं दोन, खोली एकदा गार झाली की भार हजार वॉटच्याही खाली येतो. इन्व्हर्टर एसी, म्हणजे गरजेप्रमाणे वेग बदलणारा, कितीही हळू चालला तरी त्याला तळाची मर्यादा असते आणि दीड टनी सेटची ती मर्यादा अनेकदा याहून वर असते. मग तो चालू-बंद होत राहतो. बंद असताना कॉइलवरचं (इनडोअरमधल्या गार नळ्यांच्या जाळीवरचं) पाणी पुन्हा हवेत मिसळतं, म्हणून खोली गार पण चिकट. ठाणे-नवी मुंबईत एसीचं बरंचसं काम घाम सुकवण्याचं आहे. दोन्ही बेडरूमना एकेक टन घेतला.

वीजबचतीच्या लेबलवरचे तारे बघून सेट घेताना एक गोष्ट लक्षात ठेवावी : ताऱ्यांचे निकष काही वर्षांनी कडक होतात, त्यामुळे जुन्या साठ्यातला पाच तारे आणि नवा पाच तारे सारखे नसतात. लेबलवरचा आयएसईईआर (हंगामभरात एका युनिटात किती गारवा मिळतो त्याचं माप) हा आकडा बघावा, तो जितका मोठा तितकं बरं. त्याखाली लिहिलेले वर्षाचे युनिट १६०० तासांच्या वापराचे असतात. आपले तास वेगळे असतील तर त्या प्रमाणात काढून घ्यावेत. आजींच्या दुपारच्या तीन तासांना दीड युनिट धरले तरी जास्तच झाले. डक्टच्या मोठ्या यंत्रात नुसत्या ब्लोअरलाच तासाला पाव युनिटाहून अधिक लागलं असतं. महावितरणच्या बिलात १००, ३०० आणि ५०० युनिटांना टप्पा बदलतो आणि एसीचे युनिट नेहमी वरच्या, महाग टप्प्यात जाऊन पडतात. वाचलेला प्रत्येक युनिट त्यामुळे त्या वरच्याच दराने वाचतो.

आता मुख्य भानगड. मेकॅनिक आला, घर बघितलं आणि म्हणाला, “ताई, तिन्ही आउटडोअर डक्टमध्ये लावू. बाहेरून दिसणार नाही, पाइपही कमी लागेल.”

फ्लॅटच्या भाषेत डक्ट म्हणजे बाथरूममागची उभी पोकळी, जिथून सांडपाण्याच्या नळ्या उतरतात. डक्टलेस एसी घ्यायचा आणि त्याची पेटी याच डक्टमध्ये टांगायची, हा आपल्याकडचा नित्याचा विनोद. इथली पोकळी ४ बाय ६ फुटांची आणि खालच्या मजल्यांचे पाच सेट आधीच तिथे. दीड टनी आउटडोअर पूर्ण जोरात चालतो तेव्हा सहा किलोवॉटहून अधिक उष्णता फेकतो. मोठ्या गिझरची जवळपास तिप्पट. ती हवा त्या चिमणीत अडकते, वरच्या मजल्याचा पंखा तीच पुन्हा ओढतो. सेटची ताकद ३५ अंशांच्या हवेवर मोजलेली असते. पोकळीत ती हवा ४५ च्या वर गेली की थंडावा घटतो, वीज वाढते आणि एखाद्या दुपारी कॉम्प्रेसर स्वतःला वाचवायला बंदच होतो. ‘दुपारी एसी गार करत नाही, रात्री करतो’ ही तक्रार असेल तर गॅस तपासण्याआधी आउटडोअर कुठे आहे ते बघावं.

दुसरं कारण वासाचं. त्या पोकळीत सांडपाण्याच्या नळ्यांचे वायू असतात आणि त्यातलं हायड्रोजन सल्फाइड तांब्याला काळं करून हळूहळू खातं. ऐरोलीत तसाही खाडीचा खारा वारा एका बाजूने आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कारखाने दुसऱ्या बाजूने. ओहोटीच्या वेळी खाडीचा वास घरात येतो, तेव्हा तीच हवा कॉइललाही लागते. इथे दोन-तीन वर्षांत कॉइल गळण्याचं मूळ बऱ्याचदा हवेत असतं. मात्र दर उन्हाळ्याला ‘गॅस संपला’ म्हणून भरला जातो. गॅस हे काही पेट्रोल नाही, संपायला. कमी झाला म्हणजे कुठून तरी गळला.

तिसरं, दुरुस्ती. पोकळीत सातव्या मजल्यावर उभं राहायला जागा नाही. ज्या जागी माणूस दोन्ही पाय टेकवून उभा राहू शकत नाही, तिथे आउटडोअर लावायचा नाही, हा नियम घरमालकाने स्वतः पाळावा. मेकॅनिक नाही म्हणणार नाही, त्याचं पोट आहे.

जागा निघाली ती स्वयंपाकघरामागच्या ड्राय बाल्कनीत, ७ बाय ३ फूट. अडचण एवढीच की तिचा कठडा पक्का, साडेतीन फुटांचा. पेटी खाली ठेवली असती तर गरम हवा कठड्यावर आपटून परत आली असती. म्हणून पावणेचार फूट उंचीचं लोखंडी स्टँड केलं, गॅल्व्हनाइज्ड, खाली वॉशिंग मशीन. वर दोन पेट्या शेजारी शेजारी, तोंड बाहेर, ग्रिलला चिकटून. मागे दोन फूट मोकळं. हवा तिथूनच आत ओढली जाते आणि माणूसही तिथेच उभा राहतो. पुढेमागे या बाल्कनीला सरकत्या काचा बसवायची हौस येऊ नये, हे आधीच बजावलं. कबुतरांसाठी जाळी दीड इंच छिद्रांची. बारीक मच्छरजाळी धुळीने बुजते आणि पंखा गुदमरतो.

तिसरा आउटडोअर मोठ्या बेडरूमच्या खिडकीबाहेरच्या आरसीसी छज्ज्यावर. पेटी तीस किलोच्या आसपास, पंखा चालला की कंप वेगळा. सिपोरेक्सच्या भिंतीत साधा अँकर फास्टनर धरत नाही, भुसभुशीत होऊन निघून येतो. तिथे ब्रॅकेट लावायचंच झालं तर आरपार बोल्ट आणि आतून पट्टी. घोडबंदर रोडच्या नव्या टॉवरांत उलटी गोष्ट : मायवानची, म्हणजे धातूच्या साच्यात ओतलेली, पूर्ण काँक्रीटची भिंत, अँकर घट्ट बसतो, पण पाइपाचं भोक पाडताना सळई कापली जाते. तिथे बिल्डरने भिंतीत आधीच ठेवलेली नळी, म्हणजे स्लीव्हच, वापरावी. भोक अडीच इंची, आतून बाहेर किंचित उतरतं, मध्ये पीव्हीसीचा तुकडा आणि दोन्ही तोंडांना पुट्टी. पश्चिमेच्या भिंतीवर जूनमधला पाऊस आडवा येतो. उलट्या उताराचं भोक असेल तर तो थेट इनडोअरच्या मागे उतरतो आणि ठपका एसीवर येतो.

पाइप. कंपनीच्या किटमध्ये साधारण तीन मीटर मिळतो. इथे मोठ्या बेडरूमला ४, हॉलला साडेसहा आणि आजींच्या खोलीला ९ मीटर लागला. एक टनाला पाव इंची आणि तीन अष्टमांश इंची, दीड टनाला पाव आणि अर्धा, सेटच्या पत्रकात होते त्याप्रमाणे. जाडी ०.८ मि.मी. भिंतीत किंवा पीओपीवर कुठेही जोड नाही, टोकापासून टोकापर्यंत एकच नळी. जोड असलाच तर जिथे हात पोचतो तिथे. दोन्ही नळ्यांना वेगवेगळं १३ मि.मी. काळं नायट्राइल रबराचं इन्सुलेशन. ‘बारीक पाइपला इन्सुलेशन लागत नाही’ असं जुने मेकॅनिक सांगतात. घरगुती स्प्लिटमध्ये गॅसचा दाब आउटडोअरमध्येच उतरवला जातो, त्यामुळे बारीक नळीही गारच येते. ती उघडी राहिली की पावसाळ्यात पीओपीवर पिवळे डाग उमटतात.

पीओपी झाकण्याआधी नळ्यांत कोरडा नायट्रोजन भरून ४०० पीएसआय दाबावर चोवीस तास ठेवला. इथे एक गंमत आहे. दुपारी ३५ अंशांना भरला आणि पहाटे २५ ला बघितलं तर काटा १३ पीएसआय खाली दिसतो. गळती नसते ती, हवा आकसलेली असते. त्याच तापमानाला पुन्हा बघायचं.

गॅस सोडण्याच्या दिवशी ठरलेला संवाद झाला. “साहेब, व्हॅक्यूम कशाला? थोडा गॅस मारून हवा काढतो, पाच मिनिटांचं काम.” त्या पाच मिनिटांत हवा निघते बऱ्यापैकी, ओल निघत नाही. या सेटमधलं तेल ओल शोषतं, त्यातून आम्ल तयार होतं आणि कॉम्प्रेसरच्या वायंडिंगची वाट लागते, वॉरंटी संपल्यावर. शिवाय या सेटमधला गॅस, आर-३२, थोडा ज्वलनशील आहे, तो खोलीत किंवा बाल्कनीत उगाच सोडायचा नसतो. पंप लावून गेज ५०० मायक्रॉनच्या (नळीत उरलेल्या दाबाचं माप) खाली आणायचा, लांब पाइपला अर्धा तास लागतो, मग पंप बंद करून दहा मिनिटं काटा बघायचा. चढतच राहिला तर गळती, चढून थांबला तर ओल. या सेटच्या पत्रकाप्रमाणे पाच मीटरपर्यंतचा गॅस आधीच भरलेला, पुढे मीटरला २० ग्रॅम. म्हणजे आजींच्या खोलीला ८० ग्रॅम, हॉलला ३०. हे वजनकाट्यावर मोजून भरायचं. दाब बघून अंदाजाने भरणं इन्व्हर्टर सेटला चालत नाही, कारण कॉम्प्रेसरचा वेग बदलतो तसा दाबही बदलतो.

विजेचं थोडक्यात : प्रत्येक एसीला मीटरपेटीपासून स्वतंत्र ४ चौरस मि.मी. वायर, २० अँपिअर सी-कर्व्ह (सुरू होतानाचा झटका सोसणारी) एमसीबी, चांगलं अर्थिंग. तीन एसी आणि गिझर मिळून मंजूर भाराच्या वर जात होतं, महावितरणकडे भार वाढवून घेतला.

इनडोअर कुठे लावायचा, यावर घरात बरीच चर्चा झाली. आजींची अट एकच : वारा अंगावर नको. म्हणून तो पलंगाच्या डोक्याशी नाही, समोरही नाही, तर बाजूच्या भिंतीवर पायांच्या टोकाकडे. पाती आडव्या ठेवल्या की गार हवा छताच्या कडेने जाऊन खाली उतरते. २७ अंश आणि पंखा एकवर. १ जानेवारी २०२० पासून नव्या एसीत सुरुवातीचं तापमान २४ ठेवणं सक्तीचं आहे. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या म्हणण्याप्रमाणे त्यावर चढवलेल्या प्रत्येक अंशाला सुमारे सहा टक्के वीज वाचते. हॉलमध्ये पीओपीवाल्याने इनडोअरसाठी सुंदर खोबण काढली होती, वर बोटभर जागा. इनडोअर हवा वरून ओढतो. खोबणीत तो स्वतःचीच गार हवा पुन्हा ओढतो आणि खोली २४ झाली असं समजून मंद होतो. खोबण फोडून वर सहा इंच मोकळे केले. पीओपीवाला नाराज झाला.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात आजींच्या एसीतून पाणी टपकू लागलं. मेकॅनिकचं फोनवरच निदान : “गॅस कमी असेल.” गॅस कमी असता तर कॉइलच्या काही भागावर बर्फ धरला असता. इथे बर्फ नव्हता, आत जाणारी हवा २६ अंश, बाहेर येणारी १४. बारा अंशांचा फरक म्हणजे गॅस ठीक. टपकणं सुरू व्हायचं ते चालू केल्यावर चाळीस मिनिटांनी. म्हणजे ट्रे भरत होता.

दमट हवेतून एक किलोवॉटची आर्द्रता काढली की तासाला जवळजवळ दीड लिटर पाणी होतं. रात्रभरात अर्धी बादली. या खोलीचं पाणी अडीच मीटरवरच्या बाथरूममध्ये नेलं होतं. उतार मीटरला एक सेंटीमीटर हवा, जोडताना त्याहून जास्त दिलाही होता. पण पाइप वळ्यांचा, लवचीक. पीओपीचं काम करताना कुणीतरी त्याच्यावर चौकटीची पट्टी टेकवली, त्याला मध्ये पोट आलं. पोटात पाणी साचलं, शेवाळ धरलं. त्यात पाइपाचं टोक नहाणी ट्रॅपच्या (वास अडवायला पाणी साठवणाऱ्या जाळीखालच्या भांड्याच्या) पाण्यात बुडालेलं, त्यामुळे मधली हवा निघायला वाट नाही. एप्रिल-मेमध्ये पाणी कमी म्हणून निभावलं.

पीओपीचा दोन फूट तुकडा कापला. वळ्यांचा पाइप काढून २५ मि.मी.चा कडक पीव्हीसी, दर दोन फुटांना क्लॅम्प, वरून इन्सुलेशन, टोक ट्रॅपच्या पाण्यापासून दोन इंच वर. मग ट्रेमध्ये दोन लिटर पाणी ओतून बघितलं. अर्ध्या मिनिटात बाथरूममध्ये धार लागली. हीच चाचणी पीओपीआधी केली असती तर तो तुकडा वाचला असता.

स्प्लिटचं एक उणं दुकानात सांगत नाहीत : तो बाहेरची हवा आत आणत नाही, खोलीतलीच फिरवतो. दारं-खिडक्या गच्च लावून दोघं झोपले तर सकाळी डोकं जड होतं. खिडकीची एक फट बोटभर उघडी ठेवली तर बिलात फारसा फरक पडत नाही. फिल्टर दर पंधरा दिवसांनी नळाखाली, ब्रशशिवाय. जुलैमध्ये हवा २८ अंश आणि ओल भरपूर असते तेव्हा ‘ड्राय’ मोड. बाल्कनीतल्या पेट्यांना महिन्यातून एकदा साधं पाणी, खारा थर धुऊन काढायला. प्रेशर पंपाने कॉइलवरचे पातळ पत्रे, फिन, वाकतात, तो नको.

एमसीबीच्या पेटीच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवला आहे. तिन्ही सेटचा गॅस कोणता, पाइप किती मीटर, वर किती ग्रॅम भरला, व्हॅक्यूम कुठवर आला होता आणि तारीख. पुढे कोणी ‘गॅस कमी आहे’ म्हटलं की आधी तो कागद पुढे करायचा, मग विचारायचं : दादा, गळती कुठे सापडली?